दीक्षा ॲप: द्विशिक्षकी शाळेत कितपत चालतं?

बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आता पोरांनाही ओळखीचा झालाय. तो दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि इतर साहित्य फोनवर उघडतं. तो वर्गात किती वेळा उघडतो, हे मात्र मुख्याध्यापकावर ठरतं.

5 सप्टेंबर 2017 ला केंद्राने सुरू केलेलं हे ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, विद्यार्थ्याला लॉगिनही लागत नाही. मंडळ, माध्यम आणि इयत्ता नीट निवडली की झालं. कोडवर शाई सांडली असेल तर त्याखालची सहा अक्षरा-अंकांची खूण शोधपेटीत टाकायची.

खरा उपयोग ऑफलाइनचा, आणि घोळही तिथेच. मुलं समोर बसल्यावर कोड स्कॅन करायला घेतला की रेंज दगा देते आणि निम्मी तासिका चाक फिरताना बघण्यात जाते. शनिवारी शाळा सुटल्यावर पुढच्या आठवड्याचे घटक उतरवून ठेवावेत आणि फोन विमान मोडवर टाकून एकदा चालवून पाहावेत. यूट्यूबवरून जोडलेले व्हिडिओ उतरत नाहीत, ते तेव्हाच कळतं. उतरवलेला घटक नेटशिवाय दुसऱ्या फोनला पाठवता येतो, पण तो दीक्षातच उघडतो. पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावला तर टीव्ही ओळखतच नाही. मग फोनच टीव्हीला जोडायचा. त्यातही टाइप-सी ते एचडीएमआय केबल सगळ्या फोनना चालत नाही. बऱ्याच स्वस्त फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नाही. फोन दुकानात नेऊन, चालवून बघूनच केबल घ्यावी.

मजकुराचा दर्जा खालीवर आहे. काही व्हिडिओ म्हणजे धड्याचं नुसतं वाचन. त्यापेक्षा गुरुजींनी वाचलेलं बरं.

ॲप फुकट असलं तरी रिचार्ज फुकट नाही. 31 ते 100 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेचं संयुक्त अनुदान वर्षाला 25,000 रुपयांपर्यंत. त्यातलं किमान 10 टक्के स्वच्छतेला, उरलेल्यात वीजबिल, दुरुस्ती, खडू. म्हणून जूनमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात रिचार्जची रक्कम घालून घ्यावी. नाहीतर खर्च शिक्षकाच्या खिशातून होतो आणि दिवाळीनंतर ॲप उघडत नाही. टीव्हीचंही तसंच: डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली, की चोरीच्या भीतीने तो कुलपात. किल्ली दोन्ही शिक्षकांकडे हवी.

पाचपैकी साडेतीन. यूट्यूबचे व्हिडिओ उतरायला लागले तर चार.