गरोदरपणातल्या शुगरचा डबा: जेवण लावा, नाश्ता नको

दादर-माहीम भागात घरपोच येणाऱ्या या पथ्याच्या डब्यात दुपारचं जेवण अगदी मापात असतं, नाश्ता मात्र पार चुकलाय. आणि गरोदरपणातल्या मधुमेहात खरी परीक्षा नाश्त्याचीच असते. वारेतून (प्लासेंटातून) येणारी हार्मोन्स शरीराला इन्शुलिनला दाद देऊ देत नाहीत, सकाळी त्यात कॉर्टिसोलची भर पडते. म्हणून दुपारी पचून जाणारा पदार्थ सकाळी शुगर चढवतो.

नाश्त्याला बशीभर कांदेपोहे, वर शेव आणि मोसंबीचा रस. बशीत साधारण ६० ग्रॅम कोरडे पोहे बसतात, म्हणजे एकट्या पोह्यांतून ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, रसाची वेगळी. सकाळी ३० ग्रॅमच्या आत राहिलेलं बरं. त्याऐवजी घरी मुगाच्या डाळीची धिरडी करावी: ४० ग्रॅम डाळ चार तास भिजवून आलं-मिरचीसोबत वाटायची, त्यात मूठभर चिरलेला पालक, जेमतेम तेलावर दोन धिरडी. सोबत उकडलेलं अंडं किंवा पनीर. पोहेच हवे असतील तर ३० ग्रॅम घ्या आणि त्यात मटार, शेंगदाणे सढळ हाताने घाला. मोसंबी सोलून खावी, तीही अकराच्या सुमारास.

जेवणात तळहाताएवढे दोन फुलके किंवा १०० ग्रॅम शिजलेला भात. दोन्ही एकत्र येत नाहीत. हे ३० ग्रॅम, उसळीचे पंधराएक, झाला हिशेब. पालेभाजी भरपूर, ताक बिनसाखरेचं. बटाटा भाजी म्हणून खपवत नाहीत, याबद्दल मनापासून कौतुक. मटकी नीट शिजलेली असते, तेही महत्त्वाचं, कारण मोडाची कच्ची कडधान्यं या दिवसांत जंतूंमुळे धोक्याची.

चारच्या खाण्यातला ‘शुगर-फ्री’ लाडू खजूर आणि गुळाचा आहे. घरच्या मोठ्यांना गूळ चालतो असं वाटतं, पण रक्तात गेल्यावर त्याचीही साखरच होते. लाडू बाजूला ठेवा, मूठभर भाजलेले चणे खा.

रात्रीचा डबा सातला येतो आणि झोपतानाचं काहीच त्यात नसतं. सकाळपर्यंत बारा तास पोट रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि त्यातून बनणारी कीटोन्स नावाची आम्लं रक्तात वाढतात. कपभर बिनसाखरेचं दूध आणि पाच-सहा बदाम स्वतःच ठेवावेत.

डबा मानवतोय का, ते ग्लुकोमीटर सांगेल. पहिल्या घासापासून घड्याळ लावायचं. दोन तासांनी १२० च्या आत, उपाशीपोटी ९५ च्या आत. मापात खाऊनही आकडे वर राहिले तर फुलके कमी करत बसू नका, बाळाला ते लागतात. डॉक्टरांना आकडे दाखवा, इन्शुलिन लागलं तर ते बाळाला बाधत नाही.

एक दिवस आधी कळवलं तर नाश्ता आणि लाडू वगळून नुसता जेवणाचा डबा देतात. तसाच लावावा.