सोमवारी ऑफिस, मंगळवारी विहीर: सॅक एकच घ्यायची तर कोणती?

"ताई, सॅक कुठली घेऊ?" आमच्याकडे नवीन रुजू झालेली पोरं पहिला पगार हातात पडायच्या आत हा प्रश्न विचारतात. काम भूजलाचं. आठवड्यातले तीन दिवस पुण्यात टेबलावर, उरलेले पुरंदर, जुन्नर, संगमनेरकडच्या गावांत. निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये घ्यायची, मधल्या पावसाळ्यात बंधारे बघत फिरायचं. सॅक मात्र सगळीकडे तीच. सोमवारी तिच्यात लॅपटॉप, चार्जर आणि डबा. मंगळवारी त्यात पातळी मोजायची टेप, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा टीडीएस मीटर, नोंदवही आणि नमुन्यांच्या लिटर-लिटरच्या चार बाटल्यांची भर. परतताना एकदा ताणकाट्याला टांगून पाहिली, तर आठ किलो चारशे ग्रॅम भरली.

बारा वर्षांत माझ्या हाताखालून चार जातींच्या सॅक गेल्या: ऑफिसची लॅपटॉप सॅक, ट्रेकची सॅक, तोंड गुंडाळून बंद करायची रोल-टॉप आणि कारागिराकडून शिवून घेतलेली कॅनव्हासची. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आधी काय जातं?

कापड विरून फाटलं म्हणून टाकून दिलेली सॅक मी अजून पाहिलेली नाही. आधी चेनचा रनर जातो, मग पट्टा खांद्यापाशी उसवतो, आणि यातून वाचलीच तर आतला लेप सुटतो. तरी दुकानात गप्पा चालतात त्या डेनियरच्या. डेनियर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. धागा किती जाड एवढंच त्यावरून कळतं, किती चिवट ते नाही. घासलं जाणं नायलॉन जास्त सोसतं, त्यामुळे 420 डेनियरचं चांगलं नायलॉन 600 च्या साध्या पॉलिएस्टरला हार जात नाही. उलट उन्हात पॉलिएस्टर जास्त तग धरतं आणि पाणीही कमी पितं. दिवसभर विहिरीच्या कठड्यावर उन्हात पडणाऱ्या सॅकला ते मुळीच वाईट नाही. तेव्हा आकडा बघा, पण त्यावर पैसे उधळू नका.

ऑफिसची सॅक

कप्प्यांच्या बाबतीत हिला तोड नाही. पेन, पेन ड्राइव्ह, पावत्या, ओळखपत्र, ज्याची त्याची जागा. लॅपटॉपला सगळीकडून फोम. मीटिंगला नेली तरी कोणी वळून बघत नाही.

दोन गोष्टी मात्र तपासाच. पहिली, लॅपटॉपचा कप्पा बऱ्याचदा थेट तळापर्यंत येतो. एसटीत सॅक जरा जोरात टेकवली की लॅपटॉपची कड पत्र्यावर. दुकानात कप्प्यात हात घाला. बोटं जिथे टेकतात तिथून सॅकचा तळ दोन-तीन सेंटिमीटर खाली लागला पाहिजे. दुसरी गोष्ट अस्तर. त्याच्यामागे शिवण कशी आहे ते दिसत नाही, आणि पट्टा उसवला तर दुरुस्त करणाऱ्याला आधी अस्तर उसवावं लागतं.

माझी पहिली सॅक अशीच होती. बाळंतपणाच्या रजेत ती माळ्यावर गेली, दोन पावसाळ्यांनी खाली आली. बाहेरून अगदी नवी. आत हात घातला तर बोटांना चिकट लागलं, आणि उन्हाने सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे तळहाताला चिकटून बाहेर आले. पुढे आठवडाभर लॅपटॉपच्या की-बोर्डमधून ते टाचणीने काढत होते. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाच्या आतून पॉलियुरेथेनचा लेप देतात. दमट हवेत आणि उष्म्यात तो हळूहळू विघटित होतो, सॅक वापरा नाहीतर ठेवून द्या. ट्रेकच्या सॅकलाही हे चुकत नाही. सुटलेला लेप परत बसत नाही. पावसाळ्यात सॅक माळ्यावर कोंबण्यापेक्षा चेन उघड्या ठेवून खुंटीला टांगा, बरीच वर्षं जास्त मिळतील.

ट्रेकची सॅक

साधारण पंचवीस-तीस लिटरची. आठ किलो पाठीवर घेऊन दोन किलोमीटर बांधावरून चालायचं असेल तर बाकीच्या तिघींनी स्पर्धेत उतरूच नये. छातीचा पट्टा खांद्यांवरचे बंद सरकू देत नाही, कमरपट्ट्यामुळे भार खांद्यांवरून कमरेवर येतो. बायकांनी एक बघावं: छातीचा पट्टा वर-खाली सरकतो ना? तो एकाच जागी शिवलेला असेल तर नको तिथे काचतो.

हिची खोट आत आहे. लॅपटॉपचा म्हणून आपण जो कप्पा समजतो तो पुष्कळदा पाण्याच्या पिशवीसाठी असतो. त्याला फोम नाही, आणि 15.6 इंची लॅपटॉप वरच्या निमुळत्या भागात अडतो. पाठीला घाम येऊ नये म्हणून ताणलेली जाळी आणि मागे बाक असलेली सॅक मिळते. पाठीला सुख मोठं, पण आतून ती केळ्यासारखी वाकडी. सपाट लॅपटॉप तिच्यात कधीच नीट बसत नाही. डोंगरासाठी घ्या, ऑफिससाठी नको. सरळ पाठीची घ्यायची आणि लॅपटॉपला वेगळं फोमचं कव्हर.

बाकी आत एकच मोठी विहीर. तिच्या तळाशी गेलेलं पेन संध्याकाळी सापडतं. मी तीन चेनच्या पाऊचवर भागवते: निळ्यात मीटर आणि बॅटऱ्या, लालमध्ये औषधं आणि बँडेज, खाकीत कागद, पेनं, मार्कर. सोमवारी निळा घरी राहतो. सॅकला शिवलेले कप्पे असे घरी ठेवता येत नाहीत, म्हणून कप्पे मोजून सॅक घेणं मी कधीच सोडलं.

सोबत मिळणाऱ्या रेनकव्हरवर फार विसंबू नका. स्कूटरवर ते फुग्यासारखं फुगतं, आणि पाठीवरून ओघळणारं पाणी त्याच्या आतल्या बाजूनेच उतरतं. त्यापेक्षा खताच्या गोणीत आतून जी जाड प्लास्टिकची पिशवी असते ती सॅकमध्ये घाला आणि तोंड पीळ देऊन बांधा. आधी दोनदा धुऊन, युरिया आणि लॅपटॉप यांचं जमत नाही.

रोल-टॉप

पावसात हिच्यासारखी हीच. तोंडाला निदान तीन वेढे दिले तर धो-धो पावसातही आतला कागद कोरडा. पण डबा काढायचा तरी सगळं तोंड सोडा, पुन्हा गुंडाळा. जोड उष्णतेने चिकटवलेले असतात. फाटलं तर चिकटपट्टी लावायची, कारण सुई घातली की भोक पडलंच. कोकणात पाऊसभर दुचाकीवर फिरणाऱ्याने घ्यावी. बाकीच्यांना ती वर्षातले आठ महिने नुसती गैरसोय.

शिवून घेतलेली कॅनव्हासची

ही माझी लाडकी, आणि म्हणूनच तिच्याबद्दल मी जरा जपून बोलते. रविवार पेठेतून जाड कॅनव्हास, नायलॉनची पट्टी, बकलं आणि मोठी चेन घेतली, एका बॅगवाल्या काकांना लॅपटॉप आणि बाटल्या समोर ठेवून मापं दिली. सगळं मिळून 1,800 रुपये पडले. काकांनी पट्ट्याच्या टोकाला आधी चौकोन आणि मग त्यात फुली अशी टीप मारली, आणि मला म्हणाले, "आता दोन्ही हातांनी ओढ." मी ओढलं. मग त्यांनी स्वतः पाय देऊन ओढलं. कारखान्याची सॅक घेतानाही हीच चौकोन-फुली शोधा. नुसती एक आडवी टीप असेल तर ठेवून द्या.

बाटल्यांसाठी आत दोन्ही कडांना दोन-दोन नळ्या शिवून घेतल्या. बाटल्या उभ्या राहतात, एकमेकींवर आपटत नाहीत. असा कप्पा बाजारात कुठेच मिळाला नव्हता. काही उसवलं तर गावातला चप्पल शिवणारासुद्धा शिवून देतो.

आता तोटे. रिकामीच सव्वा किलो, माझी ट्रेकची सॅक जेमतेम आठशे ग्रॅम. सुती कॅनव्हास पाणी पितो, जड होतो, आणि पुण्याच्या जुलैत तीन-तीन दिवस वाळत नाही. एकदा ओली तशीच कोपऱ्यात राहिली आणि बुरशीचे काळे ठिपके उठले, ते आजही आहेत. काकांनी शिवलेले बंदही सरळसोट आहेत, मानेच्या वळणाचे नाहीत. सात किलोच्या पुढे खांदे बोलायला लागतात.

चेन, जिच्यावर सगळं अडतं

रनर उलटा करून पाठीमागे बघा. बऱ्याच रनरांवर 5, 8 किंवा 10 असा आकडा कोरलेला असतो. बंद चेनच्या दातांची ती साधारण मिलिमीटरमधली रुंदी. मुख्य कप्प्याला 8 किंवा 10 हवी. 5 ची पुढच्या खिशाला ठीक. दात नायलॉनच्या वेटोळ्याचे असले तर चेन मध्येच उकलली तरी रनर मागे-पुढे केल्यावर पुन्हा जुळते. सुट्या प्लास्टिकच्या दातांतला एक तुटला की चेनच बदलायची. धातूची चेन समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजते.

चेन बंद केल्यावर मागून उघडी राहायला लागली की लोक म्हणतात चेन गेली. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर ढिला झालेला असतो. पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला तर काही महिने निघतात, नवा रनर बसवला तर वर्षं. मातीत काम करणाऱ्यांनी महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने दात झाडावेत. रनर झिजतो तो आत अडकलेल्या बारीक खड्यांनी.

मग कोणी काय घ्यावं

फील्ड महिन्यातून दोन-चार दिवस असेल आणि पाठीवर पाच किलोच्या आत ओझं असेल तर ऑफिसचीच घ्या, फक्त तळ आणि चेन बघून. आमच्यासारखं अर्धं-अर्धं असेल तर सरळ पाठीची ट्रेकची, सोबत लॅपटॉपचं कव्हर आणि पाऊच. हे सगळं मिळूनही खर्च चांगल्या ऑफिस सॅकच्या आसपासच जातो. कॅनव्हासची त्यांनी, ज्यांच्याकडे विचित्र आकाराची उपकरणं आहेत आणि पावसाळ्यासाठी दुसरी सॅक आहे.

निवड कोणतीही असो, दुकानात आपला लॅपटॉप आणि भरलेल्या बाटल्या घेऊन जा, सॅक भरा, पाठीवर घ्या आणि दहा मिनिटं दुकानातच फिरा. मागच्या महिन्यात रुजू झालेल्या मुलीने हे केलं तेव्हा दुकानदार आधी हसला. मग तिने रनर उलटे करून आकडे वाचायला सुरुवात केली, तसा तो आत जाऊन वेगळ्याच तीन सॅक घेऊन आला.