पहिले धडे कोणत्या होडीवर घ्यावेत: डिंगी की कीलबोट?

शिडाची होडी चालवायला शिकताना सर्वांत आधी होडीचा प्रकार निवडावा लागतो. डिंगी ही लहान व हलकी असून तिच्या तळातून खाली सोडलेले पाते वर ओढून घेता येते. कीलबोटीच्या तळाशी मात्र जड पाते कायमचे जोडलेले असते आणि तेच तिचा तोल राखते. शिकण्याचे मूलभूत विषय दोन्हींवर सारखेच आहेत. वारा कुठून येतो ते ओळखणे, त्यानुसार शीड ताणणे किंवा सैल सोडणे, आणि वाऱ्याच्या उगमाच्या दोन्ही अंगांना सुमारे 45 अंशांच्या पट्ट्यात होडी पुढे जाऊ शकत नसल्यामुळे वाऱ्यासमोर नागमोडी वाटेने चढत जाणे, हे कुठेही चुकत नाही. फरक पडतो तो आपली चूक किती लवकर कळते यात.

लेझर ही एका माणसाची डिंगी 4.23 मीटर लांब असते आणि डोलकाठी व शीड वगळता तिचे वजन सुमारे 59 किलो भरते; म्हणजे प्रौढ शिकाऊ बहुधा होडीपेक्षा जड असतो आणि तोल सांभाळण्याचे काम त्याच्या अंगावरच येते. वाऱ्याच्या झोताबरोबर अंग बाहेर झुकवले नाही, शिडाचा दोर सोडायला क्षणभर उशीर झाला, किंवा सुकाणूचा दांडा ढकलावा त्याच्या उलट दिशेला नाक वळते याचा विसर पडला, की होडी कलंडते. त्यानंतर शिडाचा दोर मोकळा करून, तळाच्या पात्यावर भार देऊन ती उभी करावी लागते. हा सराव दमवणारा असला, तरी भीती जाते ती त्यानेच.

जे 24 ही कीलबोट 7.32 मीटर लांब व सुमारे 1,400 किलो वजनाची असून त्यातले जवळपास 430 किलो केवळ तोलासाठी असतात. त्यामुळे झोत आला तरी ती कलते आणि सावरते. प्रशिक्षक शेजारी बसून समजावू शकतो, आणि पुढचे शीड सांभाळणे, विंच (दोर गुंडाळून ताणण्याचे चाकासारखे साधन) फिरवणे, जड होडीचा वेग आधीच कमी करत धक्क्याला लावणे ही डिंगीवर क्वचितच मिळणारी कामे शिकता येतात. उणीव अशी, की शीड नीट ताणलेले नसले तरी ती रेटून चालत राहते आणि चूक झाकली जाते. शिवाय वारा मागून येत असताना शीड अनपेक्षितपणे बाजू बदलले, तर त्याच्या तळाची आडवी दांडी, म्हणजे बूम, डोक्यावर आदळू शकते; हा धोका डिंगीवरही आहे, पण इथे दांडी पुष्कळ जड असते.

ज्याला पोहता येते, भिजण्याची तयारी आहे आणि ज्याचे गुडघे वाकून बसणे सहन करतात, त्याने डिंगीपासून सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी फार थंड असेल, दुखणे असेल, किंवा पुढे कुटुंबासह लांबचा प्रवास करायचा असेल, तर कीलबोट रास्त ठरते. मात्र तिच्यावर चौघेपाच जण कामे वाटून घेत असल्यामुळे दिवसभर एकच दोर ओढत बसण्याची वेळ येऊ शकते. म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी सुकाणू आपल्या हातात किती तास राहील हे विचारून घ्यावे.