कोणत्या कामाला कोणता लॅपटॉप: सोलापुरातल्या खरेदीदारासाठी एक तुलना

बारावीचा निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले, की ओळखीपाळखीतली माणसे एकच प्रश्न घेऊन येतात: पन्नास हजारांच्या आतबाहेर कोणता लॅपटॉप घ्यावा? करसल्लागाराच्या व्यवसायामुळे माझे जाणे-येणे यंत्रमागाच्या कारखान्यांपासून नवी पेठेतल्या दुकानांपर्यंत असते, आणि कोणत्या टेबलावर कोणते यंत्र टिकते व कोणते लवकर दम टाकते, हे गेली बरीच वर्षे पाहतो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की प्रोसेसरचा आकडा विचारण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. ज्याच्यावाचून आपले काम अडेल असे सॉफ्टवेअर कोणते, ही पहिली. आणि यंत्र बसणार कुठे, ही दुसरी. एवढे ठरले, की दुकानात मांडलेल्यांपैकी बरीच यंत्रे आपोआप बाद होतात.

सॉफ्टवेअरचा अडसर आधी पाहू. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर संगणकावर बसवायचे तर विंडोजच लागते. त्यामुळे वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, दुकानदार किंवा हिशेबनीस यांच्यासाठी मॅकबुक आणि क्रोमबुक हे दोन्ही पर्याय तिथेच संपतात. मॅकवर टॅली चालवण्याच्या आडवाटा आहेत, पण रोजच्या कामाला आडवाट धरू नये. यांत्रिकी शाखेत लागणारे सॉलिडवर्क्स आणि वास्तुरचनेत लागणारे रेव्हिट हीदेखील विंडोजचीच आहेत. ऑटोकॅड मॅकवर मिळते, मात्र विंडोजच्या आवृत्तीतल्या काही सोयी त्यात नाहीत. ज्याला लेखन, सादरीकरण, प्रोग्रॅमिंग किंवा व्हिडिओ संपादन करायचे आहे आणि वरीलपैकी कशाचीही गरज नाही, त्याला मॅकबुक एअरचा विचार जरूर करता येईल. सव्वा किलोच्या आसपास वजन, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि अजिबात आवाज नाही, हे त्याचे गुण खरे आहेत. परंतु त्यातली रॅम व साठवण नंतर वाढवता येत नाही, म्हणून खरेदीच्या दिवशी केलेली काटकसर पुढे पाच-सात वर्षे सोबत राहते.

क्रोमबुकचे काम मुख्यतः ब्राउझरमध्ये चालते. शाळकरी मुलाचा अभ्यास, पुण्या-मुंबईतल्या मुलांशी आजी-आजोबांचे व्हिडिओवरचे बोलणे, ई-मेल आणि बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी ते पुरेसे आहे. २०२१ नंतर आलेल्या क्रोमबुकना दहा वर्षे अद्ययावतीकरण मिळते, पण ही दहा वर्षे आपण घेतल्या दिवसापासून नव्हे, तर त्या यंत्राचा मूळ आराखडा बाजारात आल्यापासून मोजली जातात. दुकानात बरेच दिवस पडून असलेले क्रोमबुक स्वस्तात मिळत असेल, तर ही शेवटची तारीख आधी पाहून घ्यावी.

आता यंत्र बसण्याची जागा. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, हे सांगायला नको. अॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचे तापमान १० ते ३५ अंश सेल्सिअस सांगते, आणि विंडोजच्या बहुतेक घरगुती लॅपटॉपची मर्यादाही त्याच्याच आसपास असते. म्हणजे दुपारी पत्र्याखालच्या खोलीत काम करणारा प्रत्येक लॅपटॉप कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर राबत असतो. अशा वेळी प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. मालकाला वाटते, यंत्र जुने झाले. प्रत्यक्षात त्याला ऊन बाधलेले असते.

दुसरा शत्रू म्हणजे सूत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातला लॅपटॉप एकदा माझ्यासमोर उघडला गेला. हिशेब करताना तो सारखा बंद पडत होता. दुरुस्तीवाल्याने खालचे झाकण काढले, पंखा बाजूला केला, आणि पंखा व तांब्याच्या पट्टीवरच्या जाळीच्या मध्ये चिमटा घालून हळूच ओढले, तेव्हा करड्या रंगाची एक पट्टी सलग बाहेर आली. गोधडीत भरावी तशी ती घट्ट बसलेली होती आणि जाळीचा आकार तिच्यावर उमटला होता. टॉवेलच्या सुताचे तंतू दीड वर्ष पंख्याने आत ओढून तिथे साठवले होते. एवढी पट्टी काढून, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलल्यावर तेच यंत्र पूर्ववत चालू लागले.

म्हणून कारखान्याच्या ऑफिसासाठी मी दोन प्रकारची यंत्रे शेजारी ठेवून पाहतो. पंखा नसलेल्या यंत्रात तंतू जाऊन बसायला वाव फारच कमी असतो, पण कडक उन्हाळ्यात ते लवकर मंदावते. पंखा असलेले यंत्र उन्हाला अधिक तोंड देते, पण दर सहा महिन्यांनी साफ करून घ्यावे लागते. टॅली मुळात हलके सॉफ्टवेअर असल्याने ते मंदावलेल्या यंत्रावरही चालते. तरीही मी पंख्याचे, आणि खालचे झाकण साध्या स्क्रूंनी उघडणारे यंत्र सुचवतो, कारण विंडोजमध्ये बिनपंख्याची चांगली यंत्रे कमी आणि महाग आहेत. जाता जाता एक सांगतो: आपली सोलापुरी चादर पांघरायला उत्तम, परंतु तिच्यावर लॅपटॉप ठेवून तासन्‌तास काम करू नये. बहुतेक यंत्रे हवा खालून घेतात, आणि चादरीची जाड वीण खालची हवेची जाळी पुरती झाकून टाकते.

प्रोसेसरच्या आकड्यांकडे आता वळू, कारण फसगत सर्वाधिक तिथे होते. एका बाजूला एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचे 'रायझन ५' असे स्टिकर असलेले यंत्र आणि दुसऱ्या बाजूला इंटेलचे 'कोअर आय-३' असे यंत्र जवळपास सारख्याच किमतीला असेल, तर गिऱ्हाईक पाचाकडे वळते. पण ते पूर्ण नाव काय आहे, हे वाचले पाहिजे. रायझन ५ ७५२०यू या नावातला सुरुवातीचा सात २०२३ ची मालिका दाखवतो, तर तिसऱ्या स्थानावरचा दोन आतली रचना दाखवतो, आणि ती रचना २०१९ सालची आहे. त्यात चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार गाभे, आहेत आणि त्याच्यासोबत येणारी रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते. आठ जीबी घेतली, तर ती कायमची आठच. याउलट आय-३ १२१५यू मध्ये सहा कोअर आहेत, त्यांपैकी दोन अधिक ताकदीचे आहेत, आणि या प्रोसेसरच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅमसाठी मोकळी खाच मिळते. रोजच्या कामात हा 'तीन' त्या 'पाच'ला मागे टाकतो. मात्र रायझन ५ ७५३०यू हे नाव एका आकड्याने वेगळे असले, तरी त्यात सहा कोअर आणि पुढच्या पिढीची रचना आहे, व ते खरोखर चांगले आहे. एका आकड्याचा हा फरक विक्रेत्यालाही बहुधा ठाऊक नसतो.

एन१०० नावाचा स्वस्त प्रोसेसरही बऱ्याच यंत्रांत दिसतो. एका माणसाच्या ब्राउझिंगला तो पुरतो. पण त्याच्यासोबत वेगवान एसएसडी साठवणीऐवजी ६४ किंवा १२८ जीबीची संथ, स्वस्त ईएमएमसी साठवण दिलेली असेल, तर असे यंत्र घेऊ नये, कारण विंडोजची अद्ययावतीकरणेच ती जागा भरून टाकतात. रॅमच्या बाबतीत माझा हिशेब सरळ आहे. विंडोज ११ स्वतःसाठीच तीन-चार जीबी घेते, त्यामुळे आठ जीबी ही किमान गरज समजावी आणि सोळा जीबी ही निर्धास्त राहण्याची सोय. पैसे मोजकेच असतील, तर वरच्या पायरीचा प्रोसेसर सोडून द्यावा, परंतु रॅमची मोकळी खाच सोडू नये.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा हट्ट सहसा गेमिंग लॅपटॉपसाठी असतो. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले हे यंत्र सव्वादोन-अडीच किलोचे असते, त्याचा चार्जर विटेसारखा वेगळा, आणि बॅटरी वर्गातल्या दिवसाला पुरत नाही. पहिल्या वर्षाचे सी किंवा पायथन कोणत्याही लॅपटॉपवर चालते. यांत्रिकी, स्थापत्य आणि वास्तुरचना या शाखांत पुढे त्रिमितीय रेखाटने करावी लागतात, तिथे असे यंत्र सार्थकी लागते. संगणक शाखेच्या मुलाला मात्र तेवढ्याच पैशांत सोळा जीबी रॅम असलेले दीड किलोचे यंत्र अधिक कामाला येईल. जो हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला ये-जा करणार आहे, त्याने टाइप-सी पोर्टवर चार्ज होणारे यंत्रच पाहावे, म्हणजे ६५ वॅटच्या एकाच चार्जरवर लॅपटॉप आणि मोबाइल दोन्ही भागतात.

दुकानदाराचा विचार वेगळा. त्याला वजनाशी कर्तव्य नाही; त्याला आकडे भराभर टाकता येतील असा उजवीकडचा वेगळा अंकांचा कीबोर्ड हवा, चकाकी नसलेला साडेपंधरा इंची पडदा हवा, आणि वीज गेली तरी चालू बिल पूर्ण होईल एवढी बॅटरी हवी. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस घ्यावा लागतो, हेही जमेस धरावे. शिवाय लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी घेतलेल्या ५९,००० रुपयांच्या यंत्रातले ९,००० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून, म्हणजे त्याला भरायच्या जीएसटीतून, वळते होतात, म्हणजे यंत्र त्याला ५०,००० रुपयांना पडते. हीच वस्तू नोकरदाराला पूर्ण ५९,००० रुपयांची. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला ही सवलत नाही.

चादर आणि टॉवेलची डिझाइने करणाऱ्यांना मी आधी पडदा तपासायला सांगतो. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' (रंगांची व्याप्ती मोजायचे एक माप) असे लिहिलेला पडदा एसआरजीबी या संगणकावरच्या नेहमीच्या रंगसंचापैकी जेमतेम साठ-पासष्ट टक्के रंग दाखवतो. अशा पडद्यावर गडद लाल आणि मरून शेजारी आले, की ओळखू येईनासे होतात; डिझायनर लाल अधिक भडक करतो, आणि माल विणून आल्यावर तो डोळ्यात खुपतो. इथे प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, पण 'शंभर टक्के एसआरजीबी' हे शब्द तपशिलात असलेच पाहिजेत, आणि तरीही शेवटचा शब्द सुताच्या शेडकार्डाचा असावा.

जुन्या यंत्रांचा पर्याय मी नाकारत नाही. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लेनोवोचे थिंकपॅड किंवा डेलचे लॅटिट्यूड हे ऑफिसचे लॅपटॉप नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बांध्याने मजबूत असतात. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारणपणे आठवी पिढी तरी लागते. आय-५ ७२००यू दोन कोअरचा आणि सातव्या पिढीचा, तर आय-५ ८२५०यू चार कोअरचा आणि आठव्या पिढीचा. बाहेरचे स्टिकर मात्र दोहोंवर आय-५ असेच. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतः काढून देते. मूळ क्षमता ५० वॅट-अवर आणि आजची ३० असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करून बोलावे.

राहिली वॉरंटी. माझा स्वतःचा लॅपटॉप विवरणपत्रे भरण्याच्या ऐन घाईत बंद पडला, तेव्हा शहरातल्या सर्व्हिस सेंटरने तो घेतला आणि मदरबोर्डसाठी पुण्याला धाडला. परत हातात यायला तेवीस दिवस लागले. 'सोलापुरात सेंटर आहे' आणि 'सोलापुरात दुरुस्ती होते' ही दोन वेगळी विधाने आहेत, हे मला तेव्हा उमगले. ज्याचे पोट लॅपटॉपवर आहे, त्याने घरी येऊन दुरुस्ती करून देणारी वॉरंटी हजार-दोन हजार जास्त देऊन घ्यावी. विद्यार्थ्याने त्या पैशांत रॅम वाढवावी.

पैसे देण्यापूर्वी यंत्र दुकानाच्या दाराशी, उजेडात नेऊन पडदा वाचता येतो का ते पाहावे. काउंटरवरच्या मंद प्रकाशात २५० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचे माप), म्हणजे कमी उजेडाचा पडदाही झकास दिसतो. नंतर ते उलटे करून हवेची जाळी कुठे आहे ते बघावे, बॉक्सवरचा सीरियल नंबर यंत्राखालच्या नंबराशी जुळवावा, आणि व्यापारी असाल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक दुकान सोडण्यापूर्वी घालून घ्यावा, कारण महिना उलटल्यावर ते बिल दुरुस्त करून घ्यायला शेवटी माझ्यासारख्यालाच त्या दुकानात खेटे घालावे लागतात.