रॉकवेल घ्यायचा, ब्रिनेल की व्हिकर्स?

नाशिकच्या अंबडला नवीन युनिट टाकलेल्या मित्राचा परवा फोन आला. "हार्डनेस टेस्टर (धातूचा कडकपणा मोजायचं मशीन) घ्यायचाय, कुठला घेऊ?" मी विचारलं, "जॉब, म्हणजे तपासायचे पार्ट, कुठले आहेत?" तर म्हणे, "सगळेच करतो रे." सगळेच जॉब मोजणारं मशीन अजून तरी माझ्या बघण्यात नाही. म्हटलं, आधी ड्रॉइंग पाठव.

हे टेस्टर मुख्यतः तीन: रॉकवेल, ब्रिनेल आणि व्हिकर्स. तिन्हींचं काम एकच: कडक टोक ठरावीक वजनाने जॉबवर दाबायचं आणि उमटलेला खड्डा मोजायचा. फरक इतकाच की रॉकवेल खड्ड्याची खोली मोजतो, ब्रिनेल आणि व्हिकर्स त्याची रुंदी.

नाशिकच्या लहान वर्कशॉपमध्ये बहुतेकदा रॉकवेलच दिसतो, आणि ते बरोबरच आहे. अमेरिकेत ह्यू आणि स्टॅनले रॉकवेल यांनी 1914 मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही बेअरिंगच्या रेस (कड्या) झटपट तपासता याव्यात म्हणून. कडक पोलादासाठीच्या सी स्केलला (एचआरसी) 120 अंशांचा हिऱ्याचा शंकू, आधी 10 किलो, मग एकूण 150. आकडा थेट डायलवर. नवीन ऑपरेटरही दोन दिवसांत शिकतो. पण डायलवरचा एक पॉइंट म्हणजे फक्त 2 मायक्रॉन खोली (1 मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). जॉबखाली बुरी (कापताना राहिलेली धातूची बारीक कड) राहिली आणि वजन येताच ती 10 मायक्रॉन दबली, की रिडिंग 5 पॉइंटने खाली. अ‍ॅन्व्हिल, म्हणजे जॉब ठेवायची बैठक, पुसायचं फडकं मशीनलाच बांधून ठेवा.

याच मशीनने आम्हाला एकदा चांगलंच रडवलं. केस हार्डनिंग केलेल्या, म्हणजे फक्त वरचा थर (केस) कडक केलेल्या पिना होत्या, केस जेमतेम 0.4 मिलीमीटर. हवे होते 58 एचआरसी, डायल दाखवत होता 48. हीट ट्रीटमेंटवाल्याशी भांडलो, लॉट परत भट्टीत घालायला लावला, पिना वाकल्या. पहिल्या लॉटची एक पिन ड्रॉवरमध्ये राहिली होती. ती व्हिकर्सवर तपासली तेव्हा कळलं, केस पहिल्यापासून ठीक होती. 60 एचआरसीलासुद्धा शंकू 0.08 मिलीमीटर आत जातो, आणि खोलीच्या निदान दहापट जाडी खाली लागते, म्हणजे 0.8. आमचा शंकू केसखालच्या मऊ कोरलाही (गाभ्यालाही) दाबत होता. चूक आमचीच, पैसे मात्र दोघांचे गेले.

तिथे व्हिकर्सच हवा. 136 अंशांचा चौकोनी हिऱ्याचा पिरॅमिड, वजन हवं तेवढं हलकं घेता येतं. 700 एचव्हीच्या (व्हिकर्सचा आकडा) पोलादावर 1 किलोने उमटलेल्या ठशाचा कर्ण सुमारे 0.05 मिलीमीटरचा, खोली 7 मायक्रॉनच्या आसपास. जॉब कापून, माउंट करून कडेपासून आत ठसे घेत गेलात की केस कुठे संपते ते आकड्यांत दिसतं. पण पॉलिशिंग आरशासारखं लागतं आणि कर्णाच्या कडा मायक्रोस्कोपखाली धरणारा माणूस शांत लागतो. रोज दोनशे जॉब तपासणाऱ्या शिफ्टचं हे काम नव्हे.

ब्रिनेल सगळ्यात जुना, 1900 चा. 10 मिलीमीटरची गोळी, 3000 किलो. फाउंड्री असेल तर दुसरा विचारच करू नका. कास्ट आयर्नमध्ये ग्राफाइटच्या पाकळ्या असतात; हिऱ्याचं टोक कधी पाकळीवर पडतं, कधी लोखंडावर, आकडे नाचतात. 200 एचबीला (ब्रिनेलचा आकडा) त्याचा ठसा सव्वाचार मिलीमीटरचा, त्यात सगळ्याची सरासरी येते. शिवाय साध्या पोलादात एचबीला साडेतीनने गुणलं की ताणबलाचा मेगापास्कलमधला ढोबळ अंदाज मिळतो. ठसा मात्र जॉबवर कायमचा राहतो, म्हणून फिनिश केलेल्या पार्टवर नको.

एका स्केलचा आकडा दुसऱ्यात बदलणाऱ्या रूपांतराच्या तक्त्यावर लॉट पास-नापास करू नका. कार्बन स्टीलचा तक्ता पितळेला लावणारे लोक मी पाहिलेत. ड्रॉइंगवर जो स्केल असेल त्यातच मोजा.

संध्याकाळी मित्राची ड्रॉइंग आली. पाच पार्ट; चार इंडक्शन केलेले (विजेने तापवून वरचा थर कडक केलेले) शाफ्ट, केस दोन मिलीमीटर. रॉकवेल घे म्हटलं. पाचव्यावर केस डेप्थ 0.3 लिहिलेली. त्याचे नमुने महिन्याला बाहेरच्या लॅबला पाठवायचे ठरले, व्हिकर्सचा हिशोब ऑर्डर वाढल्यावर.