फ्लेक्स हेड रॅचेट घेताना दाते मोजू नका, मान तपासा

रॅचेट म्हणजे दांडा मागे-पुढे हलवत बोल्ट एकाच दिशेने फिरवणारं हत्यार. घरी स्वतःच्या गाडीचं काम करणाऱ्याने मान वळणारं रॅचेट, म्हणजे फ्लेक्स हेड किंवा स्विव्हल हेड, घ्यावं का? आणि घ्यायचं तर महागातलंच घ्यावं का? तीन स्वस्त रॅचेट कित्येक महिने आलटूनपालटून वापरल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. जरूर घ्यावं आणि स्वस्तातलं बिनधास्त घ्यावं. फक्त निवडताना खोक्यावर ठळक छापलेल्या दात्यांच्या आकड्यावर भुलू नये. ही वस्तू टिकते की त्रास देते, हे मानेच्या सांध्यावर ठरतं.

माझ्याकडची तीन अशी: एक पाव इंची, आणि बाकीची दोन्ही तीन सूत, म्हणजे ३/८ इंची. हे माप गोटी (सॉकेट) ज्यावर बसते त्या चौकोनी टोकाचं. पाव इंचीची मान नुसत्या घट्टपणावर थांबते. तीन सूतातल्या एकाची तशीच, तर दुसऱ्याला बटण दाबून कोन पक्का करायची सोय आहे. तिन्ही क्रोम व्हॅनेडियमची आणि साधीच. स्कूटर आणि कार, दोन्हींवर वापरली: स्पार्क प्लग, ऑल्टरनेटर, स्टार्टरचे बोल्ट, ब्रेक कॅलिपर, सीटखालचे बोल्ट.

सरळ रॅचेटने जे काम अडतं ते इथे कसं सुटतं, हे आधी सांगतो. प्लग खोल विहिरीत बसलेला असतो. लांब एक्स्टेंशन लावून गोटी प्लगवर नीट बसते, पण दांडा आडवा फिरवायला गेलं की होजला, ब्रॅकेटला नाहीतर बॉडीला आपटतो. मान वीस-तीस अंश वर उचलली की दांडा त्या अडथळ्यावरून फिरतो आणि गोटी मात्र प्लगवर सरळच राहते. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे मधे वाकणारा जोड, लावूनही वाट निघते, पण त्यात वाक येतो गोटीच्या बाजूला. जोर लावला की जॉइंट लचकतो आणि गोटी तिरकी होऊन बोल्टचे कोपरे खाते. फ्लेक्स हेडमध्ये फक्त दांडा वाकतो, बोल्टकडची बाजू सरळ राहते. म्हणून दोन्ही मार्ग खुले असतील तेव्हा मी आधी फ्लेक्स हेडच उचलतो.

दुसरा फायदा मला वापरताना जास्त जाणवला. बोल्ट एकदा सैल झाला की मान पूर्ण काटकोनात उभी करायची आणि दांडा स्क्रूड्रायव्हरसारखा बोटांनी फिरवायचा. लांब आट्यांचा बोल्ट काढताना मागे-पुढे किरकिर करत बसावं लागत नाही.

आता दात्यांबद्दल. ३६ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १० अंश फिरावं लागतं, ७२ ला ५, आणि १२० ला ३. वीस सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाशी याचा अर्थ अनुक्रमे साधारण साडेतीन, पावणेदोन आणि एक सेंटिमीटर हालचाल. ३६ वरून ७२ वर आलात तर फरक हाताला स्पष्ट कळतो. अडचणीच्या जागी कधीकधी तेवढ्यावरच काम होणार की नाही हे ठरतं. ७२ वरून पुढे मात्र कागदावरचा फायदा हातात पुरता उतरत नाही. बोल्ट आणि गोटीमध्ये थोडा खेळ, म्हणजे सैलपणा, असतो, गोटी आणि चौकोनी टोकात थोडा, आणि फ्लेक्स हेडमध्ये मानेच्या पिनेचा खेळ त्यात भर घालतो. या सगळ्यात मिळून दोन-चार अंश सहज जिरतात. मान ढिली असेल तर १२० दाते असूनही तुम्ही दांडा हलवत राहता आणि बोल्ट जागचा हलत नाही. शिवाय १२० लिहिलेल्या प्रत्येक रॅचेटमध्ये चाकावर १२० दाते असतातच असं नाही. काहींत ६० दाते आणि ते आलटूनपालटून पकडणारे दोन खटके असतात. ती रचना वाईट नाही, पण आत बारीक भाग वाढतात. स्वस्तातलं घेताना मला ७२ सगळ्यात समाधानकारक वाटलं.

आता मुख्य गोष्ट, मान. घट्टपणावर थांबणाऱ्या मानेत एक आडवी पिन असते आणि तिच्या जोडीला स्प्रिंगवरचा छर्रा किंवा ताण धरणारा वॉशर. नवी असताना तिन्ही रॅचेटची मान उत्तम वाटली. वापर वाढला तसा फरक दिसायला लागला. गाडीखाली आडवं पडून, एक हात वर घालून, न दिसणाऱ्या बोल्टवर गोटी बसवायची असते तेव्हा डोकं ठेवलेल्या कोनात राहायलाच हवं. माझ्या घट्टपणावर थांबणाऱ्या तीन सूत रॅचेटची मान काही आठवड्यांत अशी सैल पडली की लांब एक्स्टेंशन लावताच डोकं खाली लटकायचं. मग एका हाताने डोकं सावरा, दुसऱ्याने दांडा धरा, आणि तेही दोन हात शिरत नाहीत अशा जागी.

सुदैवाने त्याच्या मानेत पिनेऐवजी स्क्रू आहे. स्क्रू काढला, आटे पुसून कोरडे केले, मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावलं आणि मान जरा जोर लावूनच हलेल इतका कसला. तेव्हापासून ती तशीच टिकून आहे. पाव इंचीच्या मानेत ठोकून बसवलेली पिन आहे. तिचा ताण वाढवायला मार्ग नाही. हलकं काम आणि हलक्या गोट्या असल्यामुळे तिथे अजून निभावतंय, पण हाच प्रकार मोठ्या मापात मी घेणार नाही. खरेदी करताना मानेच्या दोन्ही बाजू बघा. एका बाजूला स्क्रूचा खाचा किंवा षटकोनी भोक दिसलं तर पुढे दुरुस्तीची सोय आहे असं समजा.

तपासायची पद्धत सोपी आहे. दांडा आडवा धरा, डोक्याला लांब एक्स्टेंशन आणि मोठी गोटी लावा. डोकं आपोआप पडू लागलं तर ते रॅचेट नकोच. मग दांडा एका हातात आणि डोकं दुसऱ्यात धरून, मान वळते त्या दिशेने नव्हे तर आडव्या दिशेने हलवून बघा. तिथे कटकट जाणवली तर तो खेळ पुढे वाढतच जाणार.

बटणवाल्या मानेत डोक्याच्या कडेला खाचा असतात आणि खटका त्यांत अडकतो. ठेवलेला कोन हलत नाही, आणि सरळ कुलूप लावलं की साध्या रॅचेटसारखं वापरता येतं. माझ्या पेटीतून सगळ्यात जास्त वेळा हेच बाहेर येतं. याच्याही अडचणी आहेत. मान जाड असल्याने अगदी चिंचोळ्या फटीत शिरत नाही. कोन ठरलेल्या टप्प्यांतच मिळतो, आणि नेमका दोन टप्प्यांच्या मधला हवा असतो तेव्हा चिडचिड होते. बटणाभोवती धूळ आणि तेल साचून ते अडकायला लागतं. ब्रश मारून तेलाचा थेंब सोडला की परत मोकळं होतं.

मान वाकवली की जोराचं काय होतं, हे प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला फार वाटतं. बोल्टला पिळ मिळतो तो दांड्याच्या आडव्या लांबीइतकाच. मान ४५ अंशांत असेल तर तुमच्या जोराचा साधारण सत्तर टक्के पिळ पोचतो, ६० अंशांत निम्मा. उरलेला जोर गोटीला बोल्टवरून कलती करायला लागतो. जाम बोल्टचे कोपरे गोल होण्याचं हे मोठं कारण. म्हणून पहिला झटका शक्य तितक्या सरळ मानेने द्या, बोल्ट सुटला की मग वाकवा. वाकवूनच जोर लावावा लागणार असेल तर बारा कोनी गोटी बाजूला ठेवून सहा कोनी घ्या आणि दुसऱ्या हाताने रॅचेटचं डोकं बोल्टवर दाबून धरा.

लांब दांडा बघून हुरूप येतो, पण तिथे जपून. पुष्कळ गाड्यांत छोट्या सहा मिलिमीटरच्या बोल्टला दहा न्यूटन-मीटरच्या आसपासच पिळ सांगितलेला असतो. पंचवीस सेंटिमीटरच्या दांड्यावर तो मिळायला टोकाशी चार किलो जोर पुरतो. हाताला तो जोर वाटतच नाही, आणि ॲल्युमिनियममधले आटे केव्हा गेले ते कळत नाही. लहान बोल्टसाठी मी पाव इंचीच वापरतो. शेवटची कस पिळ मोजणाऱ्या टॉर्क रेंचने, कारण वाकलेल्या मानेने हाताचा अंदाज हमखास चुकतो. उलट चाकाचे नट, जिथे बऱ्याच कारना शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास कस असते, ते या रॅचेटचं कामच नाही. खटका आणि मान, दोन्ही तिथे विनाकारण मार खातात. त्यासाठी ब्रेकर बार, म्हणजे खटका नसलेला लांब दांडा, हवा. म्हणूनच अर्धा इंची फ्लेक्स हेड घ्यायची मला गरज वाटली नाही. त्या मापाची कामं बहुधा मोकळ्या जागेत आणि सरळ जोराची असतात.

ऑल्टरनेटर किंवा स्टार्टरला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. लांब धातूचा दांडा आणि वाकलेलं डोकं जाड तारेच्या टर्मिनलला लागून बॉडीला टेकायला वेळ लागत नाही.

स्वस्त रॅचेटची एक खोड लगेच सुधारता येते. आत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, त्यामुळे दांडा मागे नेताना डोकं जड फिरतं. बोल्ट नुसता बोटांनी लावलेला असेल तर दांड्याबरोबर तोही मागे फिरतो आणि काम पुढे सरकत नाही. तीन सूतातली दोन्ही मी उघडली. झाकणाचे छोटे स्क्रू काढताना खाली पांढरं कापड अंथरा, कारण आतली स्प्रिंग आणि छर्रा उडाले तर सापडत नाहीत. जुनं ग्रीस पुसून हलकं मशीन तेल लावलं आणि दोन्ही मोकळी झाली. परत जाड ग्रीस भरू नका. खटका त्यात चिकटून उशिरा पकडतो आणि भर जोरात दात सुटला तर हाताची बोटंच आधी आपटतात.

गोटी सोडायचं बटण डोक्यावर असलेलंच घ्या. तेलकट हाताने खोल जागी गोटी ओढून काढणं नको होतं. हे बटण ज्याने आणलं त्या पीटर रॉबर्ट्सला १९६५ मध्ये पेटंट मिळालं. तो अमेरिकेत सीअर्सच्या दुकानात काम करणारा कोवळा पोरगा होता. कंपनीने दहा हजार डॉलरमध्ये हक्क घेतले आणि त्याचा कोर्टातला लढा १९८९ च्या समझोत्यापर्यंत चालला. रोज अंगठ्याखाली येणाऱ्या एवढ्याशा कळीमागे एका माणसाचं निम्मं आयुष्य आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुठीबाबत माझा कल साध्या धातूकडे आहे. माझ्या पाव इंचीची रबरी मूठ तेल-पेट्रोल लागून फुगली आणि दांड्यावर फिरू लागली. धातूची एका फडक्यात साफ होते.

एकच घ्यायचं असेल तर तीन सूत, ७२ दाते, बटणाने कोन पक्का होणारं, वीस ते पंचवीस सेंटिमीटर लांब. त्याच्या डोक्याचा दुरुस्ती किट वेगळा मिळतो का, हे घेतानाच विचारून ठेवा. खटका आणि स्प्रिंग बदलता आली तर हेच स्वस्त रॅचेट वर्षानुवर्षं चालेल.