यलो रॅटलचं बी: घ्यावं, पण पाकिटावरचं साल बघून

ब्रिटनमधल्या गवताळ मैदानांवर रानफुलं परत आणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी यलो रॅटल या रानफुलाच्या बीइतकं उपयोगाचं बी दुसरं नाही. ही वर्षायू (एका वर्षात उगवून, फुलून संपणारी) वनस्पती गवताच्या मुळांना चिकटून त्यातलं पाणी आणि अन्न शोषते. गवत विरळ झालं की ऑक्सआय डेझी, नॅपवीड अशा रानफुलांना जागा मिळते.

पाकिटावर याच वर्षाची काढणी नसेल तर घेऊच नका. जुनं बी बहुधा रुजत नाही. वसंतात विकत घेतलं तर पैसे पाण्यात, कारण रुजायला आधी हिवाळ्याची थंडी लागते.

प्रमाण चौरस मीटरला अर्धा ते एक ग्रॅम. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत बुडापर्यंत कापा, दाताळ्याने खरवडून निम्मी माती उघडी करा, बी कोरड्या वाळूत मिसळून फेका आणि पायाने दाबा. पुरू नका. बहुतेक ठिकाणी फसतं ते खरवडण्यात: दाट गवतावर पडलेलं बी मातीपर्यंत पोचतच नाही.

मार्च ते मध्य जुलै कापणी बंद. बोंडं वाळून खुळखुळायला लागली की कापा, आणि बी झडल्यावर वाळलेलं गवत उचलून न्या. खत खाल्लेल्या जमिनीवर मात्र गवतच वरचढ ठरतं. तिथे हे घेऊ नका.